झोपेची गोळी मागण्याआधी किडनीचा आकडा बघा

कपाशीवर किंवा तुरीवर फवारणी करायची असली की आपण दहा जणांना विचारतो. पंपाला किती मिली टाकायचे, कोणत्या औषधात कोणते मिसळायचे नाही, वारा कोणत्या बाजूचा आहे, सगळे बघतो. एवढे जपूनही मनात धाकधूक असतेच. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही म्हटले की हीच सावध माणसे तालुक्याला गेल्यावर मेडिकलवर उभी राहतात आणि म्हणतात, "एक पट्टी द्या हो झोपेच्या गोळीची." कोणती गोळी, किती ताकदीची, किती दिवस घ्यायची, ज्याला द्यायची त्याची किडनी कशी आहे, यातले काहीही विचारायचे नाही. पिकाच्या औषधाला जेवढा मान देतो तेवढा तरी माणसाच्या औषधाला द्यावा की नाही?

झोपेची गोळी वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरांनी नीट विचार करून थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी काही माणसांना खरोखर आधार देते. माझे म्हणणे वेगळे आहे. किडनी कमी काम करत असेल तर हीच गोळी घेण्याचे सगळे गणित बदलते, आणि आपल्या गावांत किडनी कमी झालेली कितीतरी माणसे अशी आहेत की त्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता नाही. म्हणून आधी आकडा, मग गोळी, हा नियम घराघरात लागला पाहिजे.

निचरा बंद झाला की काय होते?

काळ्या भारी जमिनीचा अनुभव आपल्याला आहे. दोन शेतांवर पाऊस सारखाच पडतो. ज्या शेताला चर आहे तिथले पाणी दुसऱ्या दिवशी निघून जाते, आणि ज्याचा चर बुजला आहे तिथे पाणी साचून पिकाची मुळे सडतात. किडनी हा शरीराचा चर आहे. औषधाचे काम झाले की काही औषधे यकृतात मोडून निकामी होतात, तर काही जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर जातात. लघवीवाटे जाणारे औषध असेल आणि चर बुजलेला असेल, तर आजची गोळी बाहेर पडण्याआधीच उद्याची पोटात जाते. चार-आठ दिवसांत अंगात एवढे साचते की माणूस भरदिवसा पेंगतो, बरळतो, अडखळून पडतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे गॅबापेंटीन. पायांची जळजळ, मुंग्या, कंबरेची नस यासाठी ही गोळी दिली जाते. तिने गुंगी येते म्हणून बरेच जण ती झोपेसाठीच चालू ठेवतात. चांगल्या किडनीच्या माणसात हे औषध साधारण साडेसहा तासांत निम्मे होते. किडनीची ताकद मिनिटाला ३० मिलीलिटरच्या खाली गेली की निम्मे व्हायला सुमारे ५२ तास लागतात. म्हणजे जे काम एका रात्रीत व्हायचे त्याला दोन दिवसांहून जास्त वेळ लागतो. प्रीगॅबालीनचेही तसेच. किडनी निम्म्यावर आली की त्याचा डोसही निम्म्यावर आणावा लागतो. स्नायूंचा ताठरपणा घालवणारे बॅक्लोफेनही मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडते, आणि किडनीच्या रुग्णाला थोड्या डोसानेही गोंधळ, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते.

आता कोणी म्हणेल, "आमची गोळी यातली नाही, ती यकृतात मोडते." अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही मुख्यतः यकृतात मोडणारी औषधे आहेत हे खरे. पण म्हणून बिनधास्त राहता येत नाही. किडनी कमी झाली की रक्तात घाण साचते आणि मेंदू हळवा होतो. जेवढ्या गोळीने पूर्वी फक्त डोळा लागायचा तेवढ्याच गोळीने आता सकाळी उठवत नाही. त्यात वयाची भर पडते. अल्प्राझोलाम धडधाकट तरुणात सुमारे ११ तासांत निम्मे होते, वयस्कर माणसात सुमारे १६ तासांत. डायझेपामपासून अंगात तयार होणारा दुसरा पदार्थही गुंगी आणतो आणि कित्येक दिवस रेंगाळतो. शिवाय किडनीच्या रुग्णांत झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळ आढळतो. मोठ्याने घोरता घोरता मध्येच श्वास थांबणाऱ्या माणसाला गुंगीचे औषध देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे.

'नॉर्मल' लिहिले म्हणजे सगळे ठीक, असे नाही

किडनी कशी आहे हे कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन बघतात. गफलत होते ती इथेच. लॅबच्या कागदावर १.२ आकडा आला आणि शेजारी छापलेल्या मर्यादेत बसला की आपण म्हणतो, झालं, किडनी चांगली आहे. पण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत. पिळदार अंगाच्या पंचवीस वर्षांच्या पोराचा १.२ आणि सत्तर वर्षांच्या वाळलेल्या आजीचा १.२ यांत मोठा फरक आहे. वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून हिशेब केला, तर त्या पोराची किडनी मिनिटाला साधारण ८६ मिलीलिटर गाळते आणि आजीची साधारण ४९. या हिशेबाच्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. तो ६० च्या खाली तीन महिने किंवा जास्त राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. म्हणजे कागदावर 'नॉर्मल' दिसणारी आजी प्रत्यक्षात किडनीची रुग्ण असू शकते. म्हणून डॉक्टरांना नुसते क्रिएटिनिन विचारू नका. "माझा ईजीएफआर किती आहे?" असे विचारा, आणि तो आकडा आधार कार्डाच्या नंबरासारखा घरात लिहून ठेवा.

ही तपासणी कोणी करून घ्यावी? ज्याला साखर आहे, ज्याला बीपी आहे, ज्याला वारंवार मुतखडा होतो, ज्याला घोणस चावून तो वाचला आहे, आणि जो वर्षानुवर्षे अंगदुखीच्या गोळ्या खातो. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीला मारक आहेत, त्यातून उन्हातान्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या माणसाला तर फारच. खारपाणपट्ट्यातल्या गावांत किडनीच्या दुखण्याची ओरड जुनी आहे, तिथल्या मंडळींनी तर तपासणी टाळूच नये. लक्षणे दिसण्याची वाट बघू नका. किडनी बरीच कमी होईपर्यंत माणूस चालता-फिरता असतो.

झोप का येत नाही, हे आधी विचारा

किडनीच्या रुग्णाची झोप उडण्याला बहुतेक वेळा कारण असते, आणि ते कारण गोळीने जात नाही. रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते. अंगाला खाज सुटते. अंथरुणावर पडले की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. यामागे कधी कधी लोहाची कमतरता असते. सूज उतरवायची, म्हणजे लघवी वाढवायची गोळी कोणी संध्याकाळी घेत असेल तर रात्र जागीच जाणार. डॉक्टरांना विचारून तीच गोळी सकाळी घेतली तर काही जणांची झोप बिनखर्चाची परत येते. छातीत पाणी भरल्याने आडवे पडले की दम लागत असेल तर ते झोपेचे नव्हे, तातडीने दाखवायचे दुखणे आहे.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. किडनी फार बिघडली की माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. मळमळ, भूक न लागणे, अंगावर सूज, लघवी कमी होणे याबरोबर रात्रीचा दिवस झाला असेल, तर तो रक्तात घाण साचल्याचा इशारा असू शकतो. अशा माणसाला झोपेची गोळी देणे म्हणजे घर पेटलेले असताना कुत्रे भुंकते म्हणून कुत्र्यालाच गप्प करणे.

खाजेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून त्याच झोपेसाठी घेण्याची रीत आहे. त्याही निरुपद्रवी नाहीत. सेट्रिझिन बरेचसे किडनीवाटे जाते आणि किडनी कमी असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. जुन्या प्रकारच्या सर्दीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते, डोके भ्रमते. आणि ज्या पुडीवर आत काय आहे हेच लिहिलेले नाही ती पुडी, मग ती कोणीही आणि कितीही विश्वासाने दिलेली असो, किडनीच्या रुग्णाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

मग गोळी नाही तर काय? अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ साली सांगितले की जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नसावी, झोपेच्या सवयी बदलण्याचा रीतसर उपचार असावा. त्यातल्या गोष्टी आपल्याला अवघड नाहीत. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची. झोप येईल तेव्हाच अंथरुणाला पाठ लावायची, आणि वीस-पंचवीस मिनिटे तळमळत गेली तर उठून बसायचे. दुपारनंतर चहा बंद. अंथरुणात मोबाईल नाही. फरक पडायला काही आठवडे लागतात, एका रात्रीत होत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांना मात्र एवढ्याने भागतेच असे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा रुग्णांना ना सवयींच्या उपचाराने, ना ट्राझोडोन या गोळीने, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला. उलट ट्राझोडोन घेणाऱ्यांत हृदयाचे गंभीर त्रास जास्त दिसले. म्हणजे जिथे आपल्याला वाटते की गोळीच वाचवील, तिथेच तिचा भरवसा सर्वांत कमी.

रात्रीची वीज आणि झोपेची गोळी

आपल्या भागात एक धोका शहरापेक्षा वेगळा आहे. ज्या फीडरला अजून रात्रीच्या वीजपुरवठ्याची पाळी आहे तिथे शेतकरी आठवड्यातले काही दिवस रात्री ओलित करतो आणि बाकीचे दिवस दिवसा. झोपेचे घड्याळ मोडणार नाही तर काय होईल? मग पाळी नसलेल्या रात्री झोप यावी म्हणून गोळी सुरू होते. आणि एखाद्या रात्री गोळी घेतल्यावर फोन येतो की लाइन आली. डोळ्यांवर गुंगी, पायाखाली ओली सरी, हाताशी स्टार्टर, पलीकडे विहीर आणि धुऱ्यावर साप. झोल्पिडेम घेतलेली काही माणसे अर्धवट झोपेत चालू लागतात, कामे करतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली यावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. त्याआधी २०१३ साली याच गोळीचा बायकांसाठीचा डोस त्यांनी १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला होता, कारण सकाळपर्यंत औषध अंगात उरत होते. म्हणून ठरवून टाका: गोळी घेतली त्या रात्री शेत नाही, मोटारसायकल नाही, आणि दारू तर नाहीच नाही. दारू आणि झोपेची गोळी, किंवा ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी आणि झोपेची गोळी, एकत्र झाली तर झोपेतच श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो.

दिवसा वीज मिळणे हा झोपेचाही प्रश्न आहे, हे सरपंचांनी महावितरणकडे जाताना आवर्जून सांगावे. पाण्याच्या पाळीने उडालेली झोप गोळीने भरून काढणे हा काही उपाय नव्हे.

आधीपासून गोळी चालू असेल तर

हा लेख वाचून कोणी आजच पट्टी उकिरड्यावर फेकू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील आणि एकदम बंद केल्या तर घाम, थरथर, भयंकर बेचैनी होते, फिट्ससुद्धा येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू, पायरी-पायरीने कमी करायच्या असतात. तुमचे काम एवढेच: घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवरून मागून आणलेल्याही, एका पिशवीत घाला, ईजीएफआरचा कागद सोबत घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. ठरलेला डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. रात्री दोनला जाग आली म्हणून दुसरी गोळी नको. शेजाऱ्याची गोळी आपल्या आबांना नको.

घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते असे. माणूस दिवसा पेंगत असेल, जीभ जड झाली असेल, हातपाय झटके देत असतील, माणसे ओळखू येत नसतील, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हाक मारून उठत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर १०८ ला फोन लावा. किडनीच्या रुग्णाची हाडेही ठिसूळ होतात, त्यामुळे गुंगीत मोरीकडे जाताना पडला की खुबा मोडायला वेळ लागत नाही. वाटेत दिवा ठेवा. पट्टी घरातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात, कुलपात ठेवा, आणि एका वेळी थोड्याच गोळ्या आणा. कर्जाच्या, नापिकीच्या काळजीने झोप उडाली असेल तर त्याला गोळीपेक्षा बोलणारे माणूस हवे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

गावच्या कारभाऱ्यांना चार शब्द

कायदा नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधे शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विकली की रुग्णाचे, डॉक्टरांचे नाव व किती दिली हे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे ठेवावी लागते. मेडिकलवाल्याला एकट्याला दोष देणे सोपे आहे. पण "ओळखीचे आहेत, एक पट्टी द्या" म्हणून गळ घालणारे आपणच असतो. त्याने नाही म्हटले तर रागावू नका, तो तुमच्या घरच्या माणसाचा जीव जपतो आहे.

कोणी विचारील, डॉक्टर दूर, मजुरी बुडते, गोळीशिवाय गरिबाने करायचे काय? प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर चिठ्ठीविना पट्टी हे नव्हे, तपासणी गावाजवळ आणणे हे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. आशाताई तिशीवरच्या माणसांची साखर-बीपीसाठी नोंद घेतातच. त्या यादीतल्या प्रत्येक साखर-बीपीवाल्याचे क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन वर्षातून एकदा तपासले जावे, आणि ईजीएफआर त्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिला जावा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने हा विषय घ्यावा, ग्रामसेवक भाऊसाहेबांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो टाकावा. डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगणे आहे: म्हाताऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी लिहिताना शेजारी ईजीएफआर आणि गोळी बंद करण्याची तारीख, दोन्ही लिहा.

खर्च म्हणाल तर रक्ताच्या एका नमुन्याचा आणि एका दिवसाच्या खेपेचा. सोयाबीन पेरण्याआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, माती तपासून खत घालतो. आईबापाच्या तोंडात गोळी टाकण्याआधी एक आकडा विचारायला जड का जावे? या आठवड्यात घरातल्या साठीपुढच्या माणसाची गोळ्यांची पिशवी उघडा आणि बघा, त्यात काय काय आहे.